झोपेच्या चिठ्ठीवर क्वेटियापीन कशी आली

इंदूरच्या मराठी घरांत आजोबांच्या औषधांच्या डब्यात बीपीच्या गोळीशेजारी क्वेटियापीन 25 मि.ग्रॅ.ची पट्टी असली, की घरचे तिला सरळ ‘झोपेची गोळी’ म्हणतात. कागदोपत्री ती स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर या मानसिक आजारांची गोळी आहे. झोपेसाठी देणे हा ऑफ-लेबल, म्हणजे मंजुरीबाहेरचा वापर. तो बेकायदा नाही. पण त्यामागचा पुरावा तोकडा आहे.

तिने येणाऱ्या गुंगीचे मूळ शोधायला फार लांब जायला नको. मानपूरच्या घाटात उलटी होऊ नये म्हणून घेतो ती ॲव्होमिन, म्हणजे प्रोमेथाझिन हे गुंगी आणणारे ॲलर्जीचे औषध. याच कुळातून पॉल शार्पांतिये यांनी 1950 च्या डिसेंबरात क्लोरप्रोमाझिन तयार केले आणि 1952 मध्ये पॅरिसमध्ये डिले व डेनिकर यांनी ते मनोरुग्णांना दिले. म्हणजे पहिले अँटिसायकोटिकच (भास-भ्रमांवरचे औषध) ॲलर्जीच्या औषधांच्या घरातले. क्वेटियापीन (अमेरिकेत मंजुरी 1997) रचनेने वेगळी, तरी हिस्टामिनला (ॲलर्जीत काम करणारे आणि मेंदूला जागे ठेवणारे रसायन) रोखण्याचा गुण तिच्यातही आहे. 25 ते 100 मि.ग्रॅ.ला मुख्यतः तोच गुण काम करतो. डोपामिनवर, म्हणजे मनोविकारात ज्या मेंदू-रसायनाला रोखायचे असते त्यावर, पुरेसा परिणाम व्हायला साधारण 300 च्या पुढे जावे लागते. थोडक्यात, छोट्या डोसमध्ये ती महागडी ॲव्होमिनच. फक्त वजन आणि साखर वाढवण्याची खोड सोबत येते, आणि ती छोट्या डोसलाही सुटत नाही.

मग ती झोपेसाठी का रुळली? डायझेपाम, अल्प्राझोलाम या जुन्या झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, हे सगळ्यांना कळून चुकले होते. भारतात 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 ही कडक नोंदीच्या औषधांची यादी लागू झाली. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम विकताना रुग्ण, डॉक्टर आणि नगांची नोंद दुकानदाराला तीन वर्षे जपावी लागते. क्वेटियापीन त्या यादीत नाही. ‘सवय न लागणारी’ ही ख्याती तिला आयती मिळाली. ती बनवणाऱ्या कंपनीचा हातही कोरा नव्हता: निद्रानाशासह मंजुरीबाहेरच्या वापरांसाठी प्रचार केल्याच्या आरोपांवर ॲस्ट्राझेनेकाने 2010 मध्ये अमेरिकेत 52 कोटी डॉलर भरून तडजोड केली. 2013 मध्ये अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने मोठ्यांच्या निद्रानाशासाठी पहिला उपाय म्हणून अँटिसायकोटिक सरसकट देऊ नका, असे सांगितले.

बिघडते ते बहुधा रात्री दोन-तीनला. लघवीला उठलेल्या म्हाताऱ्या माणसाचे बीपी उभे राहताच घसरते. त्यात बीपीची गोळीही रात्रीचीच असेल, तर न्हाणीघराच्या दारात पडणे ठरलेले. मिनिटभर खाटेवर पाय खाली सोडून बसावे, मग उठावे. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असेल तर प्रश्न आणखी गंभीर: अशा वृद्धांत अँटिसायकोटिकने मृत्यूचे प्रमाण वाढते, असा ठळक इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने 2005 मध्येच दिला. काहींचे पाय रात्रभर वळवळतात आणि झोप उलट मोडते; तेव्हा डोस वाढवला तर त्रासही वाढतो.

सुरू करण्याआधी वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटी साखर आणि लिपिड (रक्तातली चरबी) लिहून ठेवावे. वजन 4, 8 आणि 12 आठवड्यांनी, बाकीचे 12 आठवड्यांनी पुन्हा. मधुमेह असलेल्या घरात हे टाळूच नये. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे अँटिबायोटिक सुरू झाले तर डॉक्टरांना कळवावे, कारण त्याने रक्तातली क्वेटियापीन वाढते. पट्टीवर ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ असेल तर गोळी अर्धी करू नये. सावकाश सुटणारे औषध एकदम सुटते. साधी गोळीही एका रात्रीत बंद केली तर मळमळ होते, झोप पार उडते आणि ‘बघा, हिच्याशिवाय जमतच नाही’ असे वाटू लागते. डॉक्टरांना विचारून 25 वरून 12.5 वर यावे, तिथे आठवडा-दोन आठवडे थांबावे, मग सोडावी.