मेलचं कुलूप ‘जमलं तर’ का लागायचं?

जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये एसएमटीपीचा, म्हणजे मेल पाठवण्याच्या नियमांचा, मसुदा (आरएफसी ८२१; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) लिहिला, त्यात गुप्ततेची सोयच नव्हती. मेल पोर्ट २५वरून (पोर्ट म्हणजे सर्व्हरवरचा एका सेवेसाठी ठरलेला क्रमांक) साध्या मजकुरात जायचा. आलेला मेल वाचायच्या पीओपी३ (पोर्ट ११०) आणि आयमॅप (पोर्ट १४३) यांनीही तोच कित्ता गिरवला. पासवर्ड कधी बेस६४मध्ये जायचा, पण बेस६४ म्हणजे नुसतं लिप्यंतर. ते उलटवायला एक कमांड पुरते. हबला जोडलेल्या ऑफिसात एकाची पॅकेट्स सगळ्यांच्या केबलवर पोचत, आणि टीसीपीडम्प हे पॅकेट्स टिपणारं साधन चालवणाऱ्या शेजाऱ्याला सगळं आयतं मिळे. ज्याची पॅकेट्स त्यालाच देणारे स्विच आल्यावर हे बरंच आटोक्यात आलं. बिनपासवर्डाच्या वाय-फायनं ते परत आणलं.

फिल झिमरमन यांचं पीजीपी हे कूटबद्धतेचं सॉफ्टवेअर १९९१चं. त्यात मजकूर पाठवणाऱ्याच्या यंत्रावर बंद होतो आणि घेणाऱ्याकडेच उघडतो. पण किल्ल्या जपणं, समोरच्याची किल्ली खरी की खोटी हे पडताळणं फार थोड्यांना झेपलं.

रुळला तो वाटेवरचा उपाय: स्टार्टटीएलएस (आरएफसी २४८७, जानेवारी १९९९). टीएलएस म्हणजे दोन यंत्रांमधलं बोलणं वाटेत कूटबद्ध ठेवणारी पद्धत. क्लायंट (मेल पाठवणारा प्रोग्राम) ‘ईएचएलओ’ अशी सलामी देतो, सर्व्हर उत्तरात ‘स्टार्टटीएलएस’ जमतं असं सांगतो, मग कूटबद्ध बोलणं सुरू होतं. मेख अशी की ही घोषणाच उघड्यावर होते. मधल्या कुणी ती ओळ खोडली की क्लायंटला वाटतं, सर्व्हरला टीएलएस येतच नाही. सेटिंग ‘उपलब्ध असल्यास’ असेल तर तो निमूट साधा मजकूर पाठवतो. काही फायरवॉल तर त्या शब्दाच्या जागी चक्क फुल्या भरत!

ब्राउझरमधल्या मेलचं दुखणं वेगळं होतं: लॉगिन कूटबद्ध एचटीटीपीएसवर, पुढची पानं उघडी. ऑक्टोबर २०१०मध्ये आलेल्या फायरशीप या ब्राउझरच्या एक्स्टेन्शननं वाय-फायवरून उघड्यावर जाणाऱ्या कुकीज (लॉगिन टिकवणाऱ्या खुणा) एका क्लिकवर पळवून दाखवल्या. जीमेलनं त्याच वर्षी जानेवारीत एचटीटीपीएस सर्वांसाठी आपोआप चालू केलं होतं.

जानेवारी २०१८च्या आरएफसी ८३१४नं पहिल्या क्षणापासून टीएलएस सुचवलं: आयमॅपला ९९३, पीओपीला ९९५, पाठवायला ४६५. हा ४६५ मेलसाठी १९९७मध्येच नेमला होता, मग काढून दुसऱ्याच सेवेला दिला. वीस वर्षांनी पुन्हा तोच. क्लायंटमध्ये ‘एसएसएल/टीएलएस’ निवडावं आणि सर्टिफिकेटचा (सर्व्हरच्या ओळखपत्राचा) इशारा आला तर ‘तरीही पुढे जा’ दाबू नये, कारण मधल्या माणसाला नेमकं तेच हवं असतं.

पण एवढ्यानं फक्त तुमच्यापासून तुमच्या सर्व्हरपर्यंतचा टप्पा बंद होतो. पुढे सर्व्हर-ते-सर्व्हर प्रवास अजून पोर्ट २५वरून, स्टार्टटीएलएसनंच. तिथे सक्ती करायला एमटीए-एसटीएस (आरएफसी ८४६१, सप्टेंबर २०१८) आहे. मात्र घेणाऱ्या डोमेननं तसं धोरण जाहीर केलेलं नसेल, तर बहुधा तेच जुनं ‘जमलं तर’.