कोठाराशेजारचं घर

गावगाड्यात शेतजमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. पडक्या भिंतींची माती, चुलीतली राख, गोठ्यातलं शेण असं पिढ्यान्‌पिढ्या साचत गेलं की जमीन पांढुरकी होते. नदीकाठच्या अशाच पांढरीच्या टेकाडांवर पुरातत्त्वज्ञांचा डोळा असतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं, तेही एखाददुसरा खोल खड्डा घेऊन नव्हे, तर ऐसपैस आडवं. त्यामुळे शंभराहून अधिक घरं उजेडात आली. इ.स.पू. 1600 ते 700 या काळातलं अख्खं खेडं!

जागा हेरणाऱ्यांना शेती चांगली कळत होती. इथे पावसाचा भरवसा नाही, पण नदी हाताशी आणि शिवारात काळी जमीन. मुख्य पीक जव, कमी पाण्यावर येणारं. तरीही पुढे त्यांनी पाट खणला आणि बांध घातला. हे एका कुटुंबाचं काम नव्हे. माणसं जमवणारा, पाणी वाटून देणारा कुणीतरी हवाच.

तो कुठे राहत असेल? इ.स.पू. 1400 नंतरच्या जोर्वे काळात (जोर्वे या गावावरून नाव पडलेल्या ताम्रपाषाण संस्कृतीच्या काळात) घरं लांबट चौकोनी, कुडाच्या भिंतींची, बहुतेक एकखणी. कुंभार, सोनार असे कारागीर वस्तीच्या पश्चिम कडेला, खातीपिती घरं मधोमध. आणि एक घर थेट पाच खोल्यांचं, त्याला लागूनच धान्याचं कोठार, आत पेव आणि कणग्यांचे ओटे. गावाचं धान्य इथे जमा होत असावं, म्हणून हे मुखियाचं घर, असा उत्खननकर्त्यांचा तर्क. मला तो पटतो. एका कुटुंबाला एवढी साठवण कशाला लागेल?

इ.स.पू. 1000 नंतर चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शिकारीवरची भिस्त वाढली. हवामान कोरडं होत गेल्याचा हा परिणाम मानतात.

मेलेली माणसंही घरातच असत. लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत आणि जमिनीखाली पुरत. मोठ्यांना उताणं निजवत, घोट्याखालचे पाय तोडून. पण पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांचा, फुगीर पोटाचा मातीचा रांजण निघाला. आत मांडी घातलेला पुरुष होता. त्याचे पाय शाबूत होते.