लिबरेटर केएन ७५१ / एचई ८०७ : डिकल लावण्याआधी वाचा

१/७२ मापाच्या या डिकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या खुणा) संचात एकाच विमानाच्या दोन काळांतल्या खुणा आहेत. त्या एकत्र लावू नका. आधी साल ठरवा.

हे लिबरेटर, म्हणजे बी-२४एल जातीचं अमेरिकी बॉम्बर विमान, फोर्डच्या विलो रन कारखान्यातलं, अमेरिकी क्रमांक ४४-५०२०६. १९४५ मध्ये ते केएन ७५१ या क्रमांकाने ब्रिटिश हवाई दलाच्या ९९ स्क्वाड्रनकडे, कोकोस बेटांवर होतं. युद्ध संपल्यावर लेंड-लीजमधली (अमेरिकेने युद्धकाळात मित्रदेशांना वापरायला दिलेली) अशी विमानं कानपूरला आणून मुद्दाम निकामी केली गेली. इंजिनांत वाळूसुद्धा ओतली. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्यातली बरीचशी तात्पुरती उडण्याजोगी केली आणि चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला नेली. पुढे भारतीय हवाई दलात एचई ८०७ बनलेलं हे विमान पुण्याच्या ६ स्क्वाड्रनमध्ये सागरी टेहळणीला होतं. भारतीय लिबरेटर १९६८ मध्ये निवृत्त झाली. १९७४ मध्ये हे विमान ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाला भेट दिलं गेलं, आणि ते स्वतः उडत तिकडे पोहोचलं! आज ते लंडनला हेंडनमध्ये आहे, पण केएन ७५१ च्या रूपात. त्यामुळे तिथले फोटो पाहून भारतीय मॉडेल रंगवाल तर हमखास फसाल.

१९४५ साठी निळी-फिकट निळी वर्तुळं घ्या. जपानी खुणेशी गल्लत नको म्हणून त्यांत लाल रंग ठेवलेला नव्हता. पुण्याच्या काळासाठी तिरंगी वर्तुळं: बाहेर केशरी, मध्ये हिरवा. शेपटीच्या पट्ट्यात केशरी पुढच्या कडेला, दोन्ही बाजूंना.

चांदी रंगावर डिकलखाली हवा अडकली की पांढुरका डाग दिसतो, म्हणून आधी ग्लॉस (चकचकीत वॉर्निशचा) थर द्या आणि तो पूर्ण वाळू द्या. खुणेभोवतीची पारदर्शक फिल्म शक्य तितकी कापा. कोमट पाण्यातून काढून डिकल आपोआप सरकेपर्यंत थांबा. ओढलं तर केशरी कडा हमखास फाटते.

आणखी एक, डिकलशी संबंध नसलेलं: मुख्य चाकं पुढे असल्याने हे मॉडेल शेपटीवर बसतं. फ्युजलाज (विमानाचं मधलं धड) बंद करण्याआधी पंख आणि शेपटी टेपने जोडा, मुख्य चाकांच्या जागी आधार द्या आणि नाक खाली येईपर्यंत पुढच्या चाकाच्या खोबणीमागे शिशाचे छर्रे भरा. रंग आणि शेपटीकडचे सुटे भाग वजन वाढवतात, तेव्हा थोडे जास्तच घाला.