झियामा-मासेंता कॉफी

गिनी या पश्चिम आफ्रिकी देशाच्या आग्नेय अरण्यप्रदेशात, लायबेरियाच्या सीमेलगत पिकणारी रोबस्टा कॉफी. 2013 पासून तिच्या नावाला भौगोलिक मानांकनाचे, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावता यावे असे, कायदेशीर संरक्षण आहे. मासेंता हे तेथील प्रशासकीय विभागाचे आणि त्याच्या मुख्य गावाचे नाव. झियामा हा त्याच भागातला जंगलाने वेढलेला डोंगर असून युनेस्कोने 1980 मध्ये त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला.

अशा नावांची नोंद गिनी एकट्याने करत नाही. आफ्रिकेतील बहुतांश फ्रेंचभाषक देशांसाठी हे काम आफ्रिकी बौद्धिक संपदा संघटना (ओआपी) करते. 1962 च्या लिब्रव्हिल करारातून या सहकार्याला सुरुवात झाली. 1977 च्या बांगी कराराने संघटनेला आजचे रूप दिले. मुख्यालय कॅमेरूनमधील याउंडे येथे आहे आणि सदस्य देश 17. बांगी करार हाच प्रत्येक सदस्य देशाचा कायदा मानला जातो, त्यामुळे एकदा झालेली नोंद सेनेगलपासून गॅबनपर्यंत लागू होते. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदाविषयक कराराचे नियम लागू करण्यातून गिनीसारख्या अल्पविकसित देशांना 1 जुलै 2034 पर्यंत सवलत आहे. तरीही गिनीत हे संरक्षण आधीच अमलात आले, ते या सामाईक कायद्यामुळे.

ओआपीने दिलेली पहिली तीन मानांकने 2013 मधली: झियामा-मासेंता कॉफी आणि कॅमेरूनची पेन्जा मिरी व ओकूचा पांढरा मध. या कामाला फ्रान्सच्या विकास संस्थेचे अर्थसाहाय्य मिळाले होते. कॉफीची निवड विशेष म्हणावी लागेल. रोबस्टा सहसा मिश्रणासाठी किंवा झटपट कॉफीसाठी घाऊक भावाने विकली जाते, आणि ती कुठल्या डोंगरावर पिकली हे बंदरावर पोहोचेपर्यंत कोणी विचारत नाही. मानांकनाने नेमका हाच प्रश्न विचारायला लावला.

व्यापारचिन्ह एखाद्या कंपनीच्या मालकीचे असू शकते; मानांकित नाव मात्र त्या प्रदेशात ठरलेल्या नियमांनी पीक घेणाऱ्या सर्वांचे. क्षेत्राची सीमा, लागवड, तोडणी आणि प्रक्रिया यांचे नियम एका दस्तऐवजात बांधलेले असतात. ते पाळले जातात की नाही, हे उत्पादकांच्या संघटनेला पाहावे लागते. खरी कसोटी इथेच आहे. परक्या भागातली पोती मासेंताच्या नावाने विकली जात असतील तर न्यायालय दाद देऊ शकते, पण ती पोती आधी कोणीतरी ओळखावी लागतात, आणि त्यासाठी माणसे व पैसा लागतो. त्यात भर म्हणजे नोंदणीनंतर वर्षभरातच, मार्च 2014 मध्ये, गिनीत इबोलाची साथ जाहीर झाली. सर्वांत आधी बाधित झालेल्या भागांत मासेंता होता.

अशा नावांची आंतरराष्ट्रीय नोंदणी करणाऱ्या लिस्बन व्यवस्थेच्या जिनिव्हा करारात ओआपी 15 मार्च 2023 पासून सहभागी आहे. सदस्य देशांतील मानांकनांची अशी नोंदणी त्यामुळे शक्य झाली. नक्कल करणाऱ्याने खरे मूळ सांगितले किंवा नावापुढे ‘पद्धतीची’, ‘प्रकारची’ असे शब्द जोडले, तरी तो वापर या करारानुसार निषिद्ध ठरतो. मात्र ही नोंदणी आपोआप होत नाही. प्रत्येक नावासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.