ताम्हण : गोव्यातील लागवड आणि निगा

ताम्हण हा मेंदीच्या कुळातील (लिथ्रेसी) जांभळ्या फुलांचा पानझडी वृक्ष. शास्त्रीय नाव लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओजा. जारूळ, मोठा बोंडारा अशीही नावे आहेत. गोव्यात तामण म्हणतात. भारत, श्रीलंका, म्यानमार ते फिलिपिन्स एवढ्या पट्ट्यात तो रानात वाढतो. महाराष्ट्राने त्याच्या फुलाला राज्यपुष्पाचा मान दिला, पण गोव्यालाही तो परका नाही. सत्तरी, सांगे, काणकोण भागांतल्या वहाळांच्या काठी तो आपोआप उगवलेला दिसतो. नावातला ‘लॅगरस्ट्रोमिया’ हा प्रजातीचा (वंशाचा) भाग; ते नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसने १७५९ साली आपला स्वीडिश मित्र मॅग्नस फॉन लॅगरस्ट्रोम याच्यावरून ठेवले. हा मित्र व्यापारी कंपनीचा संचालक होता आणि लिनीयसला पूर्वेकडच्या वनस्पती पुरवीत असे.

रानात ताम्हण १५ ते २० मीटर चढतो, बागेत त्याच्या निम्म्यावर थांबतो. साल करडी-पिंगट, पातळ पापुद्र्यांनी सुटणारी. पाने लांबट, जाडसर. हिवाळ्यात गळण्यापूर्वी तांबूस होतात. फुले एप्रिल ते जून या काळात फांद्यांच्या टोकांना उभ्या तुऱ्यांत येतात. फूल ५ ते ७ सेंटिमीटर रुंद असते. सहा पाकळ्या चुरगळलेल्या रेशमासारख्या, मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. तुरा खालून वर उमलत जातो आणि जुनी फुले फिकट पडत जातात, म्हणून एकाच तुऱ्यात गडद जांभळ्यापासून पांढुरक्यापर्यंत सगळ्या छटा मिळतात. मधमाश्या आणि भुंगे परागासाठी येतात. लाकूड तांबूस, पाण्यात टिकणारे. होड्यांसाठी ते वापरले जाते.

हे झाड मूळचे पाण्याच्या काठचे, आणि गोव्यात ते फसते ते बहुतेक याच गोष्टीचा विसर पडल्यामुळे. घराभोवतीची जमीन बहुधा भरड, चिऱ्याची (जांभ्या दगडाची). पावसाळ्यात तिच्यावर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि मार्चपर्यंत तीच जमीन फुटकी कोरडी होते. अशा सड्यावर (उघड्या कातळी माळावर) दीड फुटाचा खड्डा काढून रोप लावले की पहिल्या वर्षी ते तरारते. मुळे चिऱ्याला टेकली की वाढ खुंटते. म्हणून चिऱ्यात खड्डा तीन फूट रुंद, तीन फूट खोल हवा, आणि तळाचा चिरा पहारीने फोडून पाण्याला वाट द्यावी. भरण्यासाठी वरची माती, कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा पुरतो. कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेला, पाटाजवळ किंवा विहिरीच्या खालच्या अंगाला जागा असेल तर एवढी खटपट लागतच नाही. मात्र माडांच्या किंवा आंब्याच्या सावलीत तो नुसता उंच पळतो, फुलत नाही; ऊन पूर्ण हवे. किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्याच्या थेट माऱ्यात पाने करपतात. खाजन (खाडीकाठच्या खारट) जमिनीचा तर विचारच नको.

लागवड जूनच्या मध्याला, पाऊस नीट बसल्यावर करावी. रोपाला काठीचा आधार द्यावा, कारण पश्चिमेचा वारा कोवळे खोड वाकवतो. घर आणि वीजतारा यांपासून सहा ते आठ मीटर अंतर ठेवावे. पहिले दोन उन्हाळे, म्हणजे फेब्रुवारी ते मे, आठवड्यातून दोनदा आळे भरून पाणी आणि आळ्यावर नारळाच्या सोडणांचे किंवा चुडतांचे (झावळ्यांचे) आच्छादन असले की झाड मार्गी लागते. पुढे त्याची भूक फार नसते. पावसाच्या सुरुवातीला आणि शेवटी एकेक पाटी शेणखत पुरे. युरियाचा मारा केल्यास पाने मोठी आणि तुरे कमी, असा सौदा होतो.

छाटणीची वेळ ही निगेतली नाजूक बाब आहे. तुरे त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांद्यांच्या टोकांना येतात. झाड पर्णहीन असताना, जानेवारीच्या शेवटी ते फेब्रुवारीत, सुकलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि खालच्या फांद्या काढल्या तर नवी फूट जोमदार येते. पण गोव्यात फांद्या कापायची घाई सुरू होते ती पावसाच्या तोंडावर, मे महिन्यात, ऐन फुलोऱ्यात. रस्त्याकडेच्या ताम्हणांचे तुरे तारांच्या भीतीने असे दरवर्षी कचऱ्यात जातात. झाड तारांखाली लावले नसते तर ही वेळच आली नसती! शेंडा छाटून झाड बुटके ठेवण्याचा प्रकारही टाळावा, त्यातून कमकुवत फांद्यांचा झाडू तयार होतो. झाड पूर्ण तोडायचे तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार खाजगी जागेतही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

रोग-किडी फारशा नाहीत. कोरड्या बुंध्याला वाळवी लागते. फांद्यांच्या बेचक्यांत साल खाणारी अळी भुश्याचे जाळे करते. ते खरवडून भोकात तार घालावी. बांडगूळ दिसताच ते ज्या फांदीवर असेल ती फांदीच कापणे बरे.

नीलमोहर, म्हणजे जॅकरांडा, आणि ताम्हण यांत गल्लत होते. नीलमोहर दक्षिण अमेरिकेतला. त्याची पाने बारीक पिसांसारखी, फुले नळीच्या आकाराची. पुण्या-बंगळूरकडच्या कोरड्या, थंड हवेत तो बहरतो. गोव्याच्या दमट हवेत फुलण्याचा भरवसा नाही. गोव्याच्या जंगलात दिसणारा नाणा ताम्हणाच्याच प्रजातीतला, पण त्याची फुले लहान, पांढरी.

रोपे बियांपासून सहज होतात. गोल, कठीण बोंडे हिवाळ्यात वाळून सहा शकलांनी उकलतात आणि पंख असलेले बी वाऱ्यावर जाते. म्हणून बोंडे तपकिरी होताच, फुटण्याआधी काढून कागदावर सुकवावीत. बी मार्च-एप्रिलमध्ये बारीक माती आणि वाळूच्या मिश्रणात वरवर पेरावे, खोल पुरू नये. दोन-चार आठवड्यांत अंकुर येतात. पहिला पावसाळा रोपे पिशवीतच वाढवून पुढच्या जूनमध्ये जागेवर लावावीत.