प्रभाग रचना वेगळी, आरक्षण सोडत वेगळी

महापालिका निवडणूक जवळ आली की ‘आमचा वॉर्ड गेला’ हे वाक्य कानावर पडतंच. एकाचा वॉर्ड फुटलेला असतो, निम्मी वस्ती शेजारच्या प्रभागात गेलेली असते. दुसऱ्याचा वॉर्ड जागच्या जागी असतो, पण महिला किंवा ओबीसी राखीव पडलेला असतो. पहिली गोष्ट प्रभाग रचनेची, दुसरी आरक्षण सोडतीची. बहुतेक लोक जागे होतात ते सोडतीच्या दिवशी. तोवर, ज्यावर बोलून काही बदललं असतं ती मुदत संपलेली असते.

रचना म्हणजे हद्द आखणं. शहराची जनगणनेतली लोकसंख्या भागिले नगरसेवकांची संख्या, हा तिचा पाया. मुंबईची २०११ ची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख ४२ हजार आणि जागा २२७. म्हणजे प्रभागामागे सरासरी ५४,८०० माणसं. दहा टक्के कमी-जास्त चालतं, तेव्हा साधारण ४९ ते ६० हजारांच्या मध्ये प्रभाग बसवायचा. (मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो. पुण्यासारखे चार सदस्यांचे प्रभाग असतील तर आकडा त्या पटीत वाढतो.) जनगणनेचे छोटे तुकडे, म्हणजे प्रगणक गट, शक्यतो न फोडता जोडत जायचे. सुरुवात शहराच्या उत्तरेकडून करायची आणि शेवट दक्षिणेला. हद्द नदी, नाला, मोठा रस्ता, रेल्वेमार्ग अशा ठळक खुणांवरून न्यायची. प्रारूप, म्हणजे रचनेचा मसुदा, महापालिका आयुक्त तयार करतात, त्यावर हरकती आणि सुनावणी होते, आणि शेवटची मान्यता राज्य निवडणूक आयोगाची असते.

सोडतीत रेषा हलत नाही. आखून झालेल्या प्रभागातून कोणत्या प्रवर्गाचा उमेदवार उभा राहील एवढंच ठरतं. निम्म्या जागा महिलांना, म्हणून मुंबईत ११४. ओबीसींसाठी २७ टक्क्यांच्या हिशेबाने ६१. या जागा चिठ्ठीने ठरतात. चिठ्ठ्या सभागृहात सगळ्यांसमोर, बरेचदा शाळकरी मुलांच्या हातून काढल्या जातात. निकालावरही हरकती मागवतात, पण नियमाप्रमाणे निघालेल्या चिठ्ठीवर हरकत तरी काय घेणार?

अनुसूचित जाती-जमातींचं मात्र तसं नाही. प्रभागातलं त्यांचं प्रमाण पाहून, उतरत्या क्रमाने त्या जागा दिल्या जातात; त्यातल्या महिलांच्या कोणत्या, एवढंच चिठ्ठीवर. आणि हे प्रमाण ठरतं हद्दीवरून. समजा, पंधरा हजारांची एक दलित वस्ती अखंड राहून ५० हजारांच्या प्रभागात आली, तर प्रमाण ३० टक्के. तीच वस्ती मधल्या रस्त्यावरून कापून दोन प्रभागांत वाटली, तर दोन्हीकडे १५ टक्के. क्रमात दोन्ही प्रभाग खाली घसरतात आणि राखीव जागा तिथून निसटू शकते. सोडत कितीही स्वच्छ झाली तरी हे नुकसान भरून निघत नाही. अशा वस्त्या शक्यतो तोडू नयेत अशी सूचना रचनेच्या नियमांत आहेच, पण ती पाळली गेली का हे नकाशा उघडून बघावं लागतं.

म्हणून प्रारूप प्रसिद्ध झालं की नकाशाच्या जोडीला प्रभागाची चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दीचं वर्णन, वाचावी. ‘आमच्यावर अन्याय झाला’ अशी हरकत सुनावणीत टिकत नाही. नाला सोडून हद्द मधल्या गल्लीतून का नेली, कोणता प्रगणक गट इकडे घेतला तर दोन्ही प्रभाग दहा टक्क्यांत बसतात, हे आकड्यांसह मांडलं तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. नंतर कोर्टात जाऊ म्हणणाऱ्यांनी राज्यघटनेचं कलम २४३ झेडजी बघून घ्यावं. प्रभागांच्या हद्दी ठरवणाऱ्या कायद्याच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देता येत नाही, असं ते सांगतं.

रचना आणि आरक्षण, दोन्ही अजून २०११ च्याच आकड्यांवर चालली आहेत. गेल्या पंधरा वर्षांत शहरांच्या कडेला उभ्या राहिलेल्या टॉवरांमधली माणसं त्या हिशेबात नाहीत. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. ते आकडे हाती आले की रेषाही नव्याने आखाव्या लागतील.