दाटीवाटीतल्या दीर्घिका

दिवाळी सरली की कोकणातलं आभाळ निवळतं. रात्री मतलई वारा सुटतो, आणि गुहागरच्या किंवा देवगडच्या किनाऱ्यावर गावातल्या दिव्यांकडे पाठ करून उभं राहिलं तर डोक्यावर महाश्व तारकासमूहाचा मोठा चौकोन ठळक दिसतो. पंचांगातल्या पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा म्हणजे याच चौकोनाच्या दोन बाजू. त्याच्या वायव्य कोपऱ्याच्या थोडं पलीकडे दीर्घिकांचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या अफाट समूहांचा, एक घोळका आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, मोठ्या दुर्बिणीतूनही पुसट डागच दिसतात. पण दीर्घिका एकमेकींचं काय करतात हे समजून घ्यायला याच्याइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल.

फ्रान्समधल्या मार्सेच्या वेधशाळेतून एदुआर स्टीफन यांनी १८७७ साली तो शोधला. दिसायला पाच दीर्घिका, म्हणून स्टीफनचं पंचक. १९६१ मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज या खगोलशास्त्रज्ञ दांपत्याने त्यांचे आपल्यापासून दूर जाण्याचे वेग मोजले, तेव्हा एकीचा वेग बाकीच्यांशी जुळेना. दीर्घिका जितकी दूर तितका हा वेग जास्त, म्हणजे तिचं अंतरही वेगळं. ती सुमारे ४ कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि उरलेल्या चौघी २९ कोटी. आपल्या नजरेच्या रेषेत आली, एवढाच तिचा संबंध! पुढे पॉल हिक्सन यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या आकाश-सर्वेक्षणाची छायाचित्रं पिंजून अशा १०० संहत, म्हणजे दाटीवाटीच्या, गटांची यादी केली. वेग तपासल्यावर त्यांपैकी ९२ गटांत किमान तीन दीर्घिका खरोखरच एकत्र निघाल्या.

आता अंतरं पाहा. आपल्या आकाशगंगेपासून शेजारची मोठी देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. संहत गटात शेजारणींमधलं अंतर बहुधा लाख-दोन लाखच, म्हणजे एखाद्या दीर्घिकेच्या रुंदीएवढं. त्यांचे वेग सेकंदाला २०० किलोमीटरच्या आसपास, प्रकाशाच्या दीड हजाराव्या हिश्श्याएवढे. म्हणजे दीड लाख प्रकाशवर्षं कापायला साडेबावीस कोटी वर्षं. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. इतक्या काळात या दीर्घिका कितीदा तरी एकमेकींत घुसून एकजीव व्हायला हव्या होत्या. मग त्या अजून वेगळ्या कशा दिसतात?

आधी त्या एकजीव का होतात ते पाहू. भरतीचं गणित किनाऱ्यावरच्या माणसाला नवं नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं, अष्टमीच्या सुमारास भांग. सूर्याची ओढ चंद्रापेक्षा कितीतरी जास्त, तरी भरतीत चंद्राचाच वाटा मोठा. कारण भरती आणतो तो जवळच्या आणि पलीकडच्या बाजूंवरच्या ओढीतला फरक, आणि अंतर निम्मं झालं की तो आठपट होतो. दीर्घिका इतक्या जवळ आल्या की याच फरकाने त्यांच्यातले तारे आणि वायू लांबलचक शेपट्यांसारखे ओढून निघतात. दोन दीर्घिकांच्या भेटीतून अशा शेपट्या निघतात हे अलार आणि युरी टूमरे या भावांनी १९७२ मध्ये संगणकावर दाखवलं.

दुसरं कारण सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये मांडलेलं गतिक घर्षण. दीर्घिका कृष्णद्रव्यातून, म्हणजे न दिसणाऱ्या, फक्त ओढीतून जाणवणाऱ्या द्रव्यातून, जाते तेव्हा तिच्या ओढीने मागे द्रव्य गोळा होतं, आणि तेच तिला मागे खेचतं. मोठ्या दीर्घिकासमूहांत वेग सेकंदाला हजार किलोमीटरच्या घरात, त्यामुळे बहुतेक दीर्घिका एकमेकींजवळून निसटून जातात. संहत गटात तेवढा वेग नसतो, आणि सावकाश गाठ पडली की सुटका कठीण.

अपवाद पंचकातच आहे. एनजीसी ७३१८ बी ही दीर्घिका गटात सेकंदाला सुमारे ९०० किलोमीटर वेगाने घुसते आहे. आधीच्या भेटींत बाहेर पडलेल्या वायूवर ती आदळते आणि आकाशगंगेएवढी लांब धक्कालहर उमटते. तिथला वायू तापून क्ष-किरण देतो, आणि त्याच भागात त्याहून कितीतरी थंड रेण्वीय हायड्रोजनही चमकतो. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या २०२२ च्या चित्रात ही लहर लालसर-सोनेरी दिसते. माझ्या मते त्या चित्रात सर्वांत आधी पाहावी ती हीच.

मग या दीर्घिका अजून वेगळ्या कशा, या मूळ प्रश्नाला एकच उत्तर नाही. काही गट केवळ नजरेच्या रेषेमुळे दाट वाटतात. कृष्णद्रव्य प्रत्येकीभोवती न राहता सगळ्या गटाभर पसरलेलं असेल तर विलीन होणं लांबतं. मला सर्वांत पटतं ते असं की अनेक संहत गट मोठ्या, विरळ गटांच्या आत असतात. जुन्या दीर्घिका एकजीव होत असताना बाहेरून नव्या येत राहतात. एनजीसी ७३१८ बी अशीच उशिरा आलेली दिसते. हा पुरवठा आटला की काय उरतं त्याचा नमुना १९९४ मध्ये सापडला: एकच मोठी लंबवर्तुळाकार दीर्घिका, आणि तिच्याभोवती अख्ख्या गटाला शोभेल एवढा क्ष-किरण देणारा तप्त वायू. अशांना आता जीवाश्म गट म्हणतात.